सहा जणांचे एक तिकीट

वाचकाचे पत्र : आदरणीय महोदय, मी इचलकरंजीतील एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे. आमच्या पाळीतील सहा जण दर महिन्याला प्रत्येकी २०० रुपये काढून राज्य लॉटरीची तिकिटे घेतो, दिवाळीला बंपरही घेतो. तिकिटे आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याकडे असतात, लिहून काही ठेवलेले नाही. दुसऱ्या एका सहकाऱ्याने दोन वर्षांच्या निकालांचा चार्ट वहीत उतरवला असून कोणता अंक ‘यायचा राहिला आहे’ हे तो त्यावरून सांगतो. तिसरा निपाणीकडचा आहे. तो म्हणतो, आपण जास्त तिकिटे घेऊन तिकडे विकू. माझा भाचा न्यू जर्सीला आहे. पैसे पाठवलेत तर तिथल्या पॉवरबॉलची तिकिटे काढतो, असे तो म्हणतो. बाजारात एक ‘लॉटरी सेंटर’ आहे. तिथे एका आकड्यावर दहा रुपये लावले आणि तो आला, तर नव्वद मिळतात. तिथे मी अलीकडे आठवड्यातून दोन-तीनदा जाऊ लागलो आहे. घरी यातले काही सांगितलेले नाही. मुलगी पुढच्या वर्षी डिप्लोमाला जाणार आहे. लॉटरी नेमकी कशी चालते, चार्टचा उपयोग होतो का आणि काही हाती लागेल असे कसे खेळावे, हे कृपया सांगावे. – एक वाचक, इचलकरंजी

प्रिय वाचक बंधू,

सप्रेम नमस्कार. तुम्ही काहीही न लपवता लिहिले आहे, म्हणून मीही तितक्याच मोकळेपणाने उत्तर देतो. तुमच्या पत्रात लॉटरी हा एकच शब्द असला, तरी त्याखाली चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. राज्य शासनाची लॉटरी ही एक, बाजारातले ते सेंटर ही दुसरी, परदेशातील लॉटरी ही तिसरी, आणि तुम्हा सहा जणांतला तोंडी व्यवहार ही चौथी. यांतील पहिली कायदेशीर आहे, मधल्या दोन नाहीत, आणि चौथीकडे तुमचे लक्षच गेलेले नाही. मला सर्वाधिक काळजी मात्र तिचीच वाटते.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. त्याआधी केरळने हा मार्ग धरला होता. तिथली पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी झाली. लोक मटक्याकडे वळतात, त्यांना शासनाच्या देखरेखीखालचा पर्याय द्यावा आणि त्यातून महसूलही मिळावा, असा त्यामागचा विचार होता. आज या सर्व लॉटऱ्या केंद्राच्या १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याखाली चालतात, आणि त्या कायद्यातील अटी तुमच्यासारख्या ग्राहकाला ठाऊक असणे फार उपयोगाचे आहे. तिकीट राज्य शासनानेच छापायचे आणि त्यावर शासनाचे बोधचिन्ह हवे. सोडत शासनानेच, त्याच राज्यात काढायची. एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत होता कामा नये, आणि बंपर सोडती वर्षाला सहापेक्षा जास्त नकोत. सर्वांत महत्त्वाची अट अशी की, आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर किंवा केवळ एका अंकावर बक्षीस देता येत नाही.

ही शेवटची अट बाजारातल्या त्या सेंटरला लावून पाहा. एका आकड्यावर दहाचे नव्वद देणारा व्यवहार या कायद्याखालची लॉटरी असूच शकत नाही, मग बाहेरच्या फलकावर काहीही लिहिलेले असो. तो मटका आहे. तुम्ही सुताच्या गावात राहता, म्हणून सांगतो, या खेळाचा जन्मच कापसाच्या भावातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, याचे आकडे तारेने मुंबईला येत आणि त्यांवर लोक पैसे लावत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथूनच आले. ते आकडे येणे बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मुंबईत आपापले मटके सुरू केले. चिठ्ठ्या मडक्यात घालून काढत, म्हणून नाव मटका. गिरणगावातल्या कितीतरी पगारांची पाकिटे त्याने रिकामी केली.

या सेंटरचे गणित मात्र मला तुमच्यासमोर प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण ते फसवे आहे. दहा आकड्यांतला एक येणार आणि आला तर नऊपट मिळणार. म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी नव्वद परत येतात. कोणतीही शासकीय लॉटरी एवढा वाटा परत देत नाही. म्हणूनच तिथे जाणाऱ्याला आपण फारसे हरत नाही असे वाटत राहते. परंतु तिथे सोडत आठवड्यातून एकदा नसते. दिवसभर काही ना काही चालू असते, आणि आलेले नव्वद कोणी घरी नेत नाही, ते पुन्हा लावले जातात. शंभर रुपये असे दहा वेळा फिरवले, तर सरासरीने हातात पस्तीसच्या आसपास उरतात, वीस वेळा फिरवले तर बाराच. शिवाय जिंकल्यावर पैसे दिले नाहीत तर तक्रार कोणाकडे करणार? पैजेचा करार आपल्या करार कायद्यानुसार शून्य आहे, न्यायालय तो वसूल करून देत नाही. उलट जुगाराच्या अड्ड्यावर सापडल्याबद्दल तुमच्यावरच गुन्हा दाखल होतो. त्यामुळे तिथे जाणे कमी करा असे मी म्हणणार नाही. ते थांबवा.

आता तुमच्या सहकाऱ्याचा चार्ट. त्याने दोन वर्षे चिकाटीने नोंदी ठेवल्या, याबद्दल मला आदर आहे आणि त्याला दुखवायची इच्छा नाही. पण या कष्टातून त्याला काही मिळण्यासारखे नाही, हे सांगणे भाग आहे. सोडतीत प्रत्येक स्थानाचा अंक शून्य ते नऊ या दहा अंकांमधून निघतो. तो काढणाऱ्या यंत्राला मागच्या आठवड्यात काय निघाले हे ठाऊक नसते. शेवटी सात हा अंक तीस सोडतींत आला नसेल, तरी एकतिसाव्या सोडतीत तो येण्याची शक्यता दहात एक, आणि कालच आला असला तरीही दहात एक. नाणेफेकीत पाच वेळा छापा पडला म्हणून सहाव्या वेळी नाणे काट्याकडे झुकत नाही, तसेच हे आहे. अमुक अंक ‘यायचा राहिला आहे’ ही भाषा उधारीची आहे. अंकांकडे आपली कसलीही उधारी नसते. ५५५५५ हे तिकीट दुकानात पडून राहते आणि ४८२१३ लगेच खपते, पण सोडतीत दोघांची योग्यता तंतोतंत एकच असते.

अंकांच्या निवडीने फरक पडतो तो एकाच ठिकाणी, आणि तोही जिंकण्याच्या शक्यतेत नव्हे. ज्या लॉटऱ्यांत खेळणाऱ्याने स्वतः अंक निवडायचे असतात आणि पहिले बक्षीस सर्व विजेत्यांत वाटले जाते, तिथे लोकप्रिय अंक घेतले तर वाटेकरी वाढतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत १४ जानेवारी १९९५ च्या सोडतीत ७, १७, २३, ३२, ३८ आणि ४२ हे अंक निघाले, तेव्हा ते सहाही अंक निवडणारे एकूण १३३ जण निघाले आणि कोटींची स्वप्ने पाहणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे सव्वा लाख पौंडच आले. त्या लॉटरीत ४९ मधून ६ अंक निवडायचे होते, म्हणजे १,३९,८३,८१६ जोड्यांतून एक. वाढदिवसाच्या तारखा लावणारे लोक ३१ च्या पुढे जात नाहीत, म्हणून तिथे ३१ पुढील अंक घेणे शहाणपणाचे ठरते. तुमच्या छापील तिकिटावर तर क्रमांक आधीच ठरलेला असतो. तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

‘काही हाती लागेल असे कसे खेळावे’, असे तुम्ही विचारले आहे. खात्रीने जिंकण्याची एकच रीत जगात आहे, ती म्हणजे सगळी तिकिटे विकत घेणे. स्टीफन मँडेल नावाच्या रुमानियात जन्मलेल्या गणितज्ञाने हे खरोखरच करून दाखवले. १९९२ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या लॉटरीत ४४ पैकी ६ अंकांच्या ७०,५९,०५२ जोड्या होत्या, एका तिकिटाचा दर एक डॉलर होता आणि साठत गेलेले बक्षीस दोन कोटी सत्तर लाख डॉलरवर पोहोचले होते. त्याने गुंतवणूकदार जमवून पन्नास लाखांहून अधिक जोड्या विकत घेतल्या. सगळ्या घेणे जमले नाही, तरी बक्षीस लागले. त्यानंतर अशा घाऊक तिकीट खरेदीवर अनेक ठिकाणी नियमांनी बंधने आणली गेली. हे जमले ते केवळ बक्षीस सर्व तिकिटांच्या किमतीहून मोठे झाले होते म्हणून. आपल्या छापील तिकिटांच्या सोडतीत तसे कधी होत नाही. समजा, शंभर रुपयांची दहा लाख तिकिटे छापली आणि जमलेल्या दहा कोटींपैकी पाच कोटी बक्षिसांत वाटले, तर प्रत्येक तिकिटामागे सरासरी पन्नास रुपये परत येतात. आणि त्या पन्नासातलाही मोठा भाग एकाच भाग्यवंताच्या पहिल्या बक्षिसात असतो. उरलेल्या पैशांत छपाई, विक्रेत्याचे कमिशन, कर आणि राज्याचा महसूल येतो. वस्तू व सेवा कराचा लॉटरीवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. सहा जणांनी मिळून सहा तिकिटे घेतली तर संधी सहापट होते हे खरे, पण खर्चही सहापट होतो आणि बक्षीस लागले तर त्याचे सहा वाटे होतात. एकट्याने एक तिकीट घेण्यापेक्षा यात पदरात काही अधिक पडत नाही. सोबतीचा आनंद तेवढा मिळतो. त्या आनंदाला मी कमी लेखत नाही. महिन्याला २०० रुपये म्हणजे वर्षाला २,४०० होतात. चहा, जत्रा, सिनेमा यांच्याच रांगेत हा खर्च बसत असेल, तर तो तुमचा अधिकार आहे. मुलीच्या फीचा आधार म्हणून मात्र त्याच्याकडे पाहू नका.

बक्षीस लागले तर हाती किती येते, हेही आधीच माहीत असावे. दहा हजारांपुढच्या बक्षिसातून ३० टक्के प्राप्तिकर कापूनच रक्कम मिळते. त्यावर ४ टक्के उपकर असतो, म्हणजे लाखाच्या बक्षिसावर एकूण ३१,२०० रुपये कर. आणि उत्पन्न फार मोठे असेल तर अधिभारही लागतो. या उत्पन्नाला करमुक्त मर्यादेचा लाभ मिळत नाही आणि आजवर तिकिटांवर केलेला खर्चही वजा करता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तिरुवनंतपुरममधील एका रिक्षाचालकाला केरळचे २५ कोटींचे ओणम बंपर लागले. तिथल्या पद्धतीप्रमाणे १० टक्के एजंटाचे कमिशन वजा जाऊन साडेबावीस कोटी राहिले, त्यावर ३० टक्के कर कापल्यावर पंधरा कोटी पंचाहत्तर लाख. त्या सोडतीची सुमारे ६६ लाख तिकिटे खपली होती. काही दिवसांतच मदत मागणाऱ्यांच्या रीघेमुळे घरात राहणेही कठीण झाले असून बक्षीस लागलेच नसते तर बरे झाले असते असे वाटते, हे त्याने जाहीरपणे सांगितले. लहान बाळ आजारी असतानाही त्याला घरी येता येत नव्हते. हे वाचून मला फार वाईट वाटले होते.

निपाणीच्या सहकाऱ्याचा बेत मात्र ताबडतोब सोडून द्या. दुसऱ्या राज्यांच्या लॉटऱ्यांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा अधिकार कायद्याने प्रत्येक राज्याला दिला आहे, आणि कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरीच बंद केली. तिथे तिकिटे विकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. सीमा ओलांडायला तुम्हाला अर्धा तासही लागत नसेल, पण त्या पलीकडे तुमचे तिकीट हा गुन्ह्याचा पुरावा ठरतो.

भाच्याचा प्रेमळ प्रस्तावही नाकारा. लॉटरीची तिकिटे घेण्यासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवण्यास आपल्या परकीय चलनाच्या नियमांनी स्पष्ट मनाई आहे; रक्कम दोन डॉलरची आहे की दोन हजारांची, याने फरक पडत नाही. पॉवरबॉलचे पहिले बक्षीस लागण्याची शक्यता २९,२२,०१,३३८ मध्ये एक आहे. नऊ वर्षांहून अधिक काळातला एकच ठरलेला सेकंद अंदाजाने नेमका सांगायचा, इतके ते अवघड आहे. भाच्याने स्वतःच्या पैशांनी स्वतःसाठी तिकीट घेतले तर तो त्याचा प्रश्न. त्यातून त्याने तुम्हाला पुढे भेट दिली तरी, भाच्याकडून मामाला मिळालेली भेट करमुक्त नातेवाइकांच्या यादीत बसत नाही आणि वर्षात एकूण पन्नास हजारांपुढे गेल्यास करपात्र होते, एवढे ध्यानात ठेवा. आणि न काढलेल्या तिकिटाला बक्षीस लागल्याचा संदेश भ्रमणध्वनीवर आला, ‘प्रक्रिया शुल्क’ भरा असे कोणी सांगितले, तर तो संदेश फसवणुकीचाच असतो. खरे शासकीय बक्षीस देण्यापूर्वी कोणी तुमच्याकडून पैसे मागत नाही.

आता त्या चौथ्या गोष्टीकडे येतो. मी बँकेत नोकरीला असताना दोन मित्र एका बक्षिसाच्या रकमेवरून भांडत आमच्या खिडकीपाशी आले होते. रक्कम फार मोठी नव्हती. तिकीट दोघांच्या पैशांचे होते, असे एकजण शपथेवर सांगत होता. पैसे त्या महिन्याला तू दिलेच नव्हतेस, असे दुसरा म्हणत होता. दोघेही स्वतःपुरते खरे बोलत असावेत, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. कागद नसल्यामुळे त्यांची वीस वर्षांची मैत्री आमच्यासमोर तुटली.

तिकीट ज्याच्या हातात असते आणि मागे ज्याची सही असते, तोच लॉटरी कार्यालयाच्या दृष्टीने मालक असतो. मोठ्या बक्षिसाची मागणी नवी मुंबईतील राज्य लॉटरीच्या कार्यालयाकडे करावी लागते आणि कर ज्याच्या नावाने कापला जातो त्याच्याच खात्यात तो नोंदला जातो. नंतर त्याने इतर पाच जणांना वाटे दिले, तर ते वाटे मुळातच त्यांचे होते की त्याने दिलेली भेट होती, असा प्रश्न कर खाते विचारू शकते. सामायिक मालकीचा आधीच्या तारखेचा लेख असेल तर त्याचे उत्तर देता येते. म्हणून एक साधी वही घाला. पहिल्या पानावर सहा जणांची नावे, प्रत्येकाचा वाटा, एखाद्याने एका महिन्याला पैसे दिले नाहीत तर त्या महिन्याच्या तिकिटांत त्याचा हक्क नाही ही अट, कोणी मध्येच सोडून गेला तर काय, आणि लहान बक्षिसे पुन्हा तिकिटांत घालायची की वाटून घ्यायची, हे लिहून सर्वांनी सह्या करा. प्रत्येक खरेदीनंतर तारीख, मालिका आणि क्रमांक वहीत उतरवा, तिकिटाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र सर्वांना पाठवा. निकाल वर्तमानपत्रात किंवा राज्य लॉटरीच्या अधिकृत निकालपत्रात प्रत्येकाने स्वतः पाहावा. विक्रेत्याने ‘काही नाही’ म्हटले म्हणून तिकीट फेकू नये. मागणीची मुदत तिकिटाच्या मागे छापलेली असते. ती उलटली की बक्षीस शासनजमा होते. तिकीट फाटू देऊ नका, भिजू देऊ नका. मोठे बक्षीस लागलेच, तर कार्यालयात जाण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला सहाही जणांनी एकत्र बसून घ्या. तुमचे वडीलधारे सहकारी सचोटीचे आहेत, याबद्दल मला शंका नाही, आणि त्यांच्यावर उद्या कोणी संशय घेऊ नये यासाठीच ही वही आहे, असे त्यांनाही सांगा. ते नक्की समजून घेतील.

राहिला घराचा प्रश्न. राज्य लॉटरीचे २०० रुपये घरी सांगणे तुम्हाला अवघड नव्हते, तरी तुम्ही ते सांगितले नाही. कारण ते सांगितले असते तर त्या सेंटरचेही सांगावे लागले असते, असा माझा समज आहे. तो चुकीचा असेल तर क्षमा करा. तिथे आजवर किती गेले याचा हिशेब कागदावर मांडा, आलेलेही लिहा आणि गेलेलेही, आणि तो कागद या आठवड्यात वहिनींच्या हाती द्या. पगाराच्या दिवशी पहिली रक्कम मुलीच्या नावाच्या आवर्ती ठेवीत जाईल अशी व्यवस्था बँकेत करून घ्या, म्हणजे ती तुमच्या खिशापर्यंत पोहोचणारच नाही. सेंटरकडे पाय वळू नयेत म्हणून शक्य तर काही दिवस घरी येण्याचा रस्ता बदला. हे सारे करूनही ओढ आवरली नाही, गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा जावेसे वाटले किंवा त्यासाठी उसने घेण्याची वेळ आली, तर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करा. तो विनाशुल्क आहे, मराठीत बोलता येते आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. वहीचे पहिले पान कसे लिहिले तेही कळवा; त्यात काही सुटले असेल तर मी सुचवीन.

आपला स्नेहाकांक्षी